मांडलिकाचे बंड : खलिता पाठवण्याआधीचे काम

परभणीच्या एका तरुण खेळाडूने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ‘क्रुसेडर किंग्स थ्री’ या मध्ययुगीन राजकारणाच्या संगणकीय खेळात त्यांनी १०६६ सालची सुरुवात निवडली, कल्याणीच्या (आजचे बसवकल्याण) चालुक्यांचा मांडलिक म्हणून गोदावरीच्या खोऱ्यातील एका सरदाराची गादी घेतली आणि सार्वभौमाविरुद्ध स्वातंत्र्याचा गट उभारून तीन वेळा बंड केले. तिन्ही वेळा बंड मोडले, ते स्वतः बंदिवासात गेले आणि शेवटच्या वेळी निम्मा मुलूख जप्त झाला. ‘गटाचे सैन्यबळ दरवेळी ८० टक्क्यांच्या वर होते, तरीही मी का हरतो?’ असे त्यांनी विचारले आहे. मी हा खेळ २०२० मध्ये आल्यापासून खेळतो, त्याआधी या मालिकेचा दुसरा भाग अनेक वर्षे खेळलो आणि पोटापाण्यासाठी इतिहास शिकवतो. प्रश्न मला जवळचा वाटला, म्हणून सविस्तर लिहितो.

या ८० टक्क्यांचा अर्थ आधी नीट समजून घ्यावा लागेल, कारण आपल्या पराभवांचे मूळ तिथेच आहे असे मला वाटते. गटातील सर्व मांडलिकांचे बळ एकत्र करून खेळ ते राजाच्या बळाशी ताडून पाहतो. हे प्रमाण साधारण ८० टक्क्यांचा उंबरठा ओलांडते तेव्हा गटाचा असंतोष महिन्यागणिक वाढू लागतो आणि तो पुरता भरला की निर्वाणीचा खलिता पाठवता येतो. म्हणजे हा आकडा मागणी करण्याची पात्रता तेवढी दाखवतो. राजाकडे १०० आणि आपल्याकडे ८० असेल, तर आपण अजूनही कमीच आहोत. शिवाय राजाची फौज एका हुकमाखाली आणि एका ठिकाणी जमते, तर आपली फौज सहा सरदारांत वाटलेली असते आणि त्यातला प्रत्येक जण आधी आपल्या गढीचा विचार करतो. राजाच्या तिजोरीत पैसा असेल तर तो तीन वर्षांच्या करारावर भाडोत्री पथके उभी करतो, आणि लेकीबाळींच्या लग्नांतून जोडलेले सोयरे त्याच्या हाकेला धावून येतात. यातले काहीही त्या टक्केवारीच्या भरवशावर मोजू नये. मी स्वतः १२० टक्क्यांच्या खाली खलिता पाठवत नाही, आणि तिजोरी भरलेली दिसली तर १२० वरही थांबतो.

हे मी हरून शिकलो. माझ्या सुरुवातीच्या एका डावात ८४ टक्क्यांवर मी बंड पुकारले, पहिली लढाई जिंकलीही, आणि चार महिन्यांनी राजाचा जावई नर्मदेपलीकडून आपली सगळी फौज घेऊन आला. राजाच्या मुली कुठे दिल्या आहेत हे मी पाहिलेच नव्हते. राजाचे पान उघडायचे आणि त्याच्या मित्रराजांची चित्रे एकेक करून पाहायची, एवढे दोन मिनिटांचे ते काम होते. तेव्हापासून खलिता पाठवण्याआधी मी ते पान उघडल्याशिवाय राहत नाही.

आता वेळेविषयी लिहितो, कारण माझ्या मते बंडातील सर्वांत मोठे कौशल्य वेळ ओळखण्यात आहे आणि आपल्या भागाच्या इतिहासाने ते फार स्पष्ट करून ठेवले आहे. दख्खनवर राष्ट्रकूटांचे साम्राज्य होते तेव्हा तर्दवाडीचा, म्हणजे आजच्या विजापूरकडचा प्रदेश तैलप नावाच्या चालुक्य सामंताकडे होता. तिसऱ्या कृष्णासारखा बलाढ्य सम्राट गादीवर होता तोवर तैलप निमूटपणे सेवेत राहिला. कृष्णानंतर खोट्टिग आला. ९७२ मध्ये माळव्याच्या परमार सीयकाने थेट राजधानी मान्यखेटावर येऊन ती लुटली, त्याच सुमारास खोट्टिग वारला आणि दुसरा कर्क गादीवर बसला. पुढच्याच वर्षी, ९७३ मध्ये, तैलपाने त्याला दूर करून चालुक्यांचे राज्य पुन्हा उभे केले. राजधानी लुटलेली, खजिना रिता, राजा नवा आणि मागे वळून आधार द्यायला कुणी नाही, अशा चार गोष्टी एका वर्षात जुळून आल्या आणि त्या जुळेपर्यंत थांबण्याइतका धीर तैलपाकडे होता.

खेळात या चारही गोष्टी डोळ्यांना दिसतात. राजा मरतो तेव्हा वारसावर ‘अल्पकाळ राज्य’ म्हणून मांडलिकांच्या मतांत घट येते. बापाने शिरच्छेद आणि छळ करून जमवलेली दहशत वारसाला वारशात मिळत नाही, त्यामुळे कालपर्यंत भीतीने गप्प असलेले सरदार एका रात्रीत मोकळे होतात. वाटणीच्या वारसाकायद्यामुळे धाकट्या भावांच्या वाट्याला मुलूख जातो आणि मोठ्या गादीवर त्यांचा हक्कही तयार होतो. नवा राजा अज्ञान बालक असेल, किंवा बापाने सुरू केलेले परदेशी युद्ध त्याच्या गळ्यात पडले असेल, तर याहून चांगला मुहूर्त मिळत नाही. म्हणून म्हातारा राजा जिवंत असताना बंड करण्याऐवजी त्याच्या मरणाची तयारी करावी. आपण तिन्ही वेळा एकाच राजाविरुद्ध उठलात, आणि तो दहशत बाळगून असलेला, मुरलेला राजा होता असे आपल्या वर्णनावरून दिसते.

या प्रतीक्षेच्या काळात हात बांधून बसू नये. दंतिदुर्गाने ७५३ च्या सुमारास बदामीच्या चालुक्यांचे सार्वभौमत्व संपवले, पण त्याआधी तो सामंत म्हणून शेजारचे मुलूख जिंकत आपले बळ वाढवत गेला होता. त्याच्या पराक्रमाचा लेख वेरूळच्या १५ क्रमांकाच्या लेण्यात आहे. पुढची सहल तिकडे गेली तर कैलासाकडे वळण्याआधी तिथे दहा मिनिटे जरूर थांबावे. खेळातही राजसत्तेचा अधिकार, म्हणजे मांडलिकांवर राजाची किती हुकमत चालेल हे ठरवणारा कायदा, वरच्या पायरीवर गेलेला नसेल तर मांडलिकांना आपसांत युद्ध करता येते. एकेक परगणा जोडून आपले स्वतःचे बळ वाढले, तर गटात कमी भागीदार लागतात, आणि भागीदार कमी असतील तर फितुरीही कमी होते. राजसत्तेचा अधिकार आधीच वर गेला असेल, तर स्वातंत्र्याच्या गटाआधी अधिकार कमी करण्याची मागणी करणारा गट काढावा. त्या गटात सामील व्हायला सरदार तुलनेने सहज तयार होतात, आणि राजाने मागणी मान्य केली तर युद्धाशिवाय काम होते.

भागीदार जमवणे हा या विषयाचा गाभा आहे. कोणता सरदार येईल आणि कोणता येणार नाही याचे नियम ठरलेले आहेत. राजाविषयी चांगले मत असलेला येत नाही. राजाशी सोयरिकीतून मैत्रीचा करार झालेला येत नाही. राजाच्या हातात ज्याच्याविरुद्ध पक्का हुक आहे, म्हणजे ज्याला नमवता येईल अशी नस राजाच्या हाती आहे, तो येऊ शकत नाही. दहशतीने दबलेला येत नाही, मात्र शूर स्वभावाच्या सरदारावर दहशतीचा परिणाम कमी होतो, म्हणून यादीत आधी शूर माणसे शोधावीत. बलाढ्य असूनही मंत्रिमंडळात जागा न मिळालेला सरदार मनातून नाराज असतोच. तो आपला पहिला उमेदवार समजावा. युरोपात धर्मभेदाने जी दरी पडते तिचा दख्खनमध्ये फार उपयोग होत नाही, कारण वैष्णव, शैव आणि जैन मांडलिक या खेळात एकमेकांना बऱ्यापैकी सामावून घेतात. इथे मानापमान, पैसा आणि रहस्ये यांवरच काम चालवावे लागते.

माझ्या अलीकडच्या डावातील एक प्रसंग सांगतो, म्हणजे हे काम प्रत्यक्षात किती सावकाश होते ते कळेल. मी गोदावरीकाठचा सरदार होतो आणि गटात माझ्यासह चौघे होते. बळ ७१ टक्क्यांवर अडकले होते. कोकणपट्टीतला एक सरदार आला तर ते शंभरीच्या पुढे जाणार होते, पण त्याला मंत्रिमंडळात सेनापतीची जागा होती आणि राजाविषयी त्याचे मत उत्तम होते. भेटवस्तू दिली, मर्जी संपादन करण्याची खटपट दीड वर्ष केली, तो हलला नाही. मग मी माझ्या गुप्तहेरप्रमुखाला त्याच्या दरबारातील रहस्ये शोधण्याच्या कामावर बसवले. पहिल्या वर्षी एका दरबाऱ्याचे अनैतिक संबंध सापडले, ज्यांचा मला उपयोग नव्हता. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस कळले की त्या सरदाराने आपल्याच पुतण्याचा खून करवला होता. ते रहस्य उघड न करता मी त्याला धमकावले, त्यातून माझ्या हाती हुक आला, आणि तो वापरून मी त्याला गटात यायला भाग पाडले. हुक मिळाल्यावरही तो मी लगेच वापरला नव्हता. राजा ६३ वर्षांचा आणि आजारी होता, म्हणून आणखी १४ महिने तसाच राखून ठेवला. राजा गेला, गादीवर ९ वर्षांचा मुलगा आला, त्याच आठवड्यात कोकणचा सरदार गटात आला आणि नाराज असलेले आणखी दोघे आपणहून आले. बळ १४० च्या वर गेले. असंतोष भरायला जे महिने लागले त्यांत मी एकही युद्ध सुरू केले नाही आणि पैसा साठवत राहिलो.

त्या पैशाविषयी एक सूचना. सक्तीने बोलावलेल्या साध्या शिपायांची संख्या पडद्यावर मोठी दिसते, पण लढाई कायमस्वरूपी पथके जिंकून देतात. शत्रूकडे घोडदळ जास्त असेल तर भालाईत, भालाईत असतील तर जड पायदळ, धनुर्धारी असतील तर हलके घोडदळ असा विचार करून राजाच्या पथकांवर उतारा ठरेल अशी पथके आधीच बांधावीत. बंड पुकारल्यावर ती भरती करायला वेळ उरत नाही. आणि वेढ्याची यंत्रे एक तुकडी तरी असलीच पाहिजेत. ती का, ते पुढे येईल.

मागणी कोणती करावी यावर माझे मत बहुतेक खेळाडूंपेक्षा वेगळे आहे. स्वातंत्र्य हा शब्द आकर्षक आहे, परंतु मोठ्या साम्राज्याच्या मध्यभागी मुलूख असलेल्या सरदारासाठी, आणि गोदावरीचे खोरे कल्याणीच्या अगदी दाराशी आहे, गादीवर आपला माणूस बसवणारा गट अधिक हिताचा ठरतो. स्वतंत्र झालेल्या लहान सरदारावर जुना सार्वभौम आपल्या हक्काचा प्रदेश म्हणून तहाची मुदत संपताच पुन्हा चालून येऊ शकतो, आणि तेव्हा आपले जुने भागीदारही आपापल्या घरी स्वतंत्र झालेले असतात. याउलट राजाच्या धाकट्या भावाला गादीवर बसवले तर साम्राज्य शाबूत राहते, आपण त्याच्या कृपेतले ठरतो आणि पुढचे दशक निर्धास्त जाते.

इथेही इतिहास आपल्या बाजूने साक्ष देतो. आपला डाव जिथे सुरू होतो त्या काळात कल्याणीला पहिला सोमेश्वर राज्य करत होता. १०६८ मध्ये तो गेला आणि थोरला मुलगा दुसरा सोमेश्वर गादीवर आला, पण धाकटा विक्रमादित्य अधिक कर्तबगार होता आणि सामंतांना तो हवा होता. आठ वर्षे हा ताण चालला. १०७६ मध्ये विक्रमादित्याने भावाला दूर करून गादी घेतली, चालुक्य विक्रम संवत सुरू केला आणि ११२६ पर्यंत, म्हणजे ५० वर्षे राज्य केले. त्याच्या बाजूने उभ्या राहिलेल्या सामंतांत यादव घराण्यातील दुसरा सेउणचंद्र होता. यादवांनी त्या वेळी स्वातंत्र्य मागितले नाही. राजा बदलण्यात हातभार लावला आणि आपले स्थान वाढवून घेतले. आपण निवडलेल्या सरदाराची परिस्थिती सेउणचंद्रासारखीच आहे. गटासाठी उमेदवार निवडताना मात्र त्याच्याविषयी इतर सरदारांचे मत काय आहे ते आधी पाहावे, कारण ज्याला कुणी मानत नाही अशा राजपुत्रामागे सैन्य जमत नाही.

युद्ध सुरू झाल्यावर काय करावे, यासाठी दौलताबाद आठवावे. १३४६ च्या सुमारास महंमद तुघलकाच्या दख्खनमधील अमिरांनी बंड केले, दौलताबादचा किल्ला आणि खजिना ताब्यात घेतला आणि इस्माईल मुख याला आपला सुलतान म्हणून निवडले. तुघलक स्वतः फौज घेऊन आला आणि उघड्या मैदानात त्याने बंडखोरांना हरवले. इस्माईल किल्ल्यात शिरून वेढ्यात सापडला. दौलताबादचा खंदक ओलांडून अंधारीतून, म्हणजे किल्ल्याच्या काळोख्या भुयारी वाटेतून, वर गेलेल्या प्रत्येकाला कळते की तो किल्ला बळाने घेणे किती अवघड आहे, तरीही नुसत्या किल्ल्यात बसून ते बंड जिंकले गेले नसते. हसन, जो पुढे अलाउद्दीन बहमनशाह झाला, तो फौजेसह बाहेर गुलबर्ग्याकडे मोकळा राहिला. तेवढ्यात गुजरातेत तघी नावाच्या बंडखोराचे बंड उठले, तुघलकाला वेढा सेनापतींवर सोपवून तिकडे जावे लागले, आणि हसनने बीदरजवळ शाही सेनापतीला हरवून दौलताबादचा वेढा उठवला. इस्माईलने आपणहून बाजूला होऊन हसनला वाट दिली आणि १३४७ मध्ये बहमनी राज्य उभे राहिले.

यातून खेळासाठी दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली अशी की राजाची मुख्य फौज समोर आली तर लगेच भिडू नये. गढी वेढ्यात जाऊ द्यावी आणि सैन्य मोकळे ठेवावे. भागीदारांच्या फौजा आपल्याजवळ येईपर्यंत नदीमागे किंवा डोंगराळ प्रदेशात थांबावे, कारण नदी ओलांडून येणाऱ्या आणि चढावर हल्ला करणाऱ्या फौजेला या खेळात तोटा सोसावा लागतो. दुसरी अशी की राजाची फौज आपल्या गढीच्या वेढ्यात गुंतली असेल तेव्हा वेढ्याची यंत्रे घेऊन थेट त्याच्या राजधानीवर जावे. राजधानी पडली तर युद्धाचा निकाल ठरवणाऱ्या गुणांत मोठी भर पडते, आणि आत राजा किंवा त्याचा वारस सापडला तर निकाल एका दिवसात फिरू शकतो. मी सांगितलेल्या डावात तसेच झाले. बालराजा कल्याणीतच होता, तिथली गढी पाचव्या महिन्यात पडली, मुलगा माझ्या बंदीत आला आणि युद्ध तिथेच संपले; मोठी लढाई झालीच नाही.

यश मिळाल्यानंतरचा धोकाही सांगितला पाहिजे. यादव घराण्यातील पाचव्या भिल्लमाने ११८० च्या दशकात चालुक्य सत्ता मोडकळीला आलेली पाहून स्वातंत्र्य घेतले, कल्याणीपर्यंत धडक मारली आणि देवगिरीला राजधानी केली. पण चालुक्य राजा चौथ्या सोमेश्वराच्या दुबळेपणाचा फायदा घेणारा तो एकटा नव्हता. दक्षिणेकडून होयसळ वीर बल्लाळ त्याच वारशावर हक्क सांगत पुढे आला आणि ११९० च्या सुमारास सोरटूरला त्याने भिल्लमाचा पराभव केला. खेळात विजय मिळाल्यावर पहिल्या महिन्यात मी तीन कामे करतो: सर्वांत बलाढ्य भागीदाराच्या घरी मुलगी किंवा मुलगा देऊन करार करतो, बंदी झालेल्यांपैकी निरुपद्रवी माणसांना खंडणी घेऊन सोडतो, आणि उरलेल्या पैशात फौज लगेच भरून घेतो, कारण थकलेल्या विजेत्यावर शेजाऱ्यांचे लक्ष असते.

आता आपल्या सध्याच्या डावाकडे येतो. आपण लिहिता की राजा ५८ वर्षांचा आहे, थोरला मुलगा मंत्रिमंडळात आहे, धाकटा आपल्या सीमेला लागून असलेला एक लहान मुलूख सांभाळतो आणि आपला जप्त झालेला मुलूख एका नव्या सरदाराला दिलेला आहे. पुन्हा गट काढू नये. धाकट्या राजपुत्राच्या मुलीसाठी आपल्या मुलाची मागणी घालावी, त्याची मर्जी संपादन करण्याचे काम आजच सुरू करावे, आणि गुप्तहेरप्रमुखाला त्या नव्या सरदाराच्या दरबारात पाठवावे. राजसत्तेचा अधिकार परवानगी देत असेल तर दक्षिणेकडचा एखादा दुबळा परगणा या काळात जोडून घ्यावा. राजा वारल्याची सूचना येईल त्या दिवशी खेळ थांबवून तीन गोष्टी पाहाव्यात: नव्या राजाचे सोयरे कोण, तिजोरीत किती आणि गटात यायला कोण तयार. बळाचे प्रमाण १२० च्या पुढे गेले तरच धाकट्या राजपुत्राच्या नावाने गट नोंदवावा. ते ११० वर अडकले तर नवा राजा पहिल्या परदेशी युद्धात उतरेपर्यंत थांबावे.